दिवसाला दोन हजार, पण किती दिवस?

गेल्या डिसेंबरात मुळशीजवळच्या एका रिसॉर्टवर लग्न होतं. ढोल, फुलांच्या कमानी, सगळं एकदम फिल्मी. मी मात्र काळ्या टी-शर्टमध्ये, गळ्यात आयडी आणि हातात वॉकीटॉकी घेऊन रिसेप्शनला उभी. पोस्टचं नाव भारदस्त, 'गेस्ट हॉस्पिटॅलिटी'. काम काय, तर खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, बसमधून उतरलेल्या बॅगा मोजायच्या आणि नवरदेवाच्या आजोबांचा हरवलेला चष्मा शोधायचा. (सापडला, त्यांच्याच खिशात.) सकाळी ७ ते रात्री ११, दिवसाचे १ हजार रुपये. म्हणजे तासाला साधारण ६२ रुपये. दोन दिवसांचे २ हजार हातात आले ते मार्चमध्ये, चार वेळा मेसेज केल्यावर.

तरी मजा आली, खोटं कशाला बोला! कॉलेज फेस्टसाठी रात्र रात्र जागणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना म्हणूनच वाटतं, की हेच करिअर करू. मग प्रश्न येतो, पैसे किती मिळतात? त्याचं उत्तर शहरागणिक बदलतं. आणि नुसता पगाराचा आकडा विचारला तर ते अर्धवटच कळतं.

माझ्या बॅचमधला एक मित्र सध्या नेमका याच पेचात आहे. तो सांगलीचा, वडिलांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्याला मुंबईतल्या एका इव्हेंट कंपनीकडून प्रॉडक्शन टीममध्ये महिना २२ हजारांची ऑफर आलीय. घरचे म्हणतात, मुंबईत जाऊन दुसऱ्याचा मंडप घालण्यापेक्षा आपलाच घाल की! आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. अंधेरीत तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचे ९ हजार, खाण्यापिण्याचे ६, लोकलचा पास आणि मोबाइल मिळून हजारभर. शिवाय शो संपून सेट उतरवेपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते. कंपनी कॅब देत नसेल, तर महिन्यातल्या अशा पाच-सहा रात्रींचे २ हजार धरा. उरले ४ हजार. सांगलीत घरी राहून त्याला यापेक्षा जास्त उरतील.

मग मुंबईला जायचंच कशाला? कारण तिथे काम बारमाही आहे. अवॉर्ड शो, प्रॉडक्ट लाँच, बीकेसीतली प्रदर्शनं, डीलर मीट, यांना मुहूर्त लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले'चे तीन शो झाले. एवढ्या मोठ्या कॉन्सर्टला स्टेज, गर्दी, पार्किंग, कलाकारांची सरबराई असं प्रत्येक खातं वेगळं असतं. अशा खात्यात एकदा जरी काम केलं, तरी पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये तुमचा भाव वेगळा. मित्राला मुंबई खुणावते ती यासाठी, त्या ४ हजारांसाठी नाही.

पुण्यात आयटी आणि वाहन कंपन्यांचे कार्यक्रम असतात, मुळशी-लोणावळ्याची लग्नं असतात. मी ज्यांना विचारलं, त्या फ्रेशर्सचा पगार मुंबईपेक्षा दोन-चार हजारांनी कमीच निघाला. पण खोलीही स्वस्त, त्यामुळे महिनाअखेरीस फारसा फरक पडत नाही.

गोव्याचं गणित निराळंच. २००४ पासून इफ्फी तिथे होतो, समुद्रकिनाऱ्यावरची लग्नं तर आहेतच. पण मोठ्या लग्नांची टीम बऱ्याचदा मुंबई-दिल्लीहून क्लायंटबरोबरच येते आणि स्थानिक मुलांच्या वाट्याला दिवसावारी काम येतं. पावसाळ्यात तेही आटतं. दिवसाला २ हजार ऐकायला भारी वाटतात. पण वर्षात ९० दिवसच काम मिळालं, तर होतात १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार. मित्राची 'कमी' वाटणारी मुंबईची ऑफर वर्षाला २ लाख ६४ हजारांची आहे.

नाशिक, कोल्हापूर, सांगलीकडे 'पगार' हा शब्दच कमी ऐकू येतो, तिथे ऑर्डर असते. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नाहीत, पण गणपती आणि नवरात्र त्याच चार महिन्यांत येतात, त्यामुळे मंडपवाला रिकामा बसत नाही. रिकामा बसतो तो फक्त लग्नांवर अवलंबून असलेला 'वेडिंग प्लॅनर'. मित्राचे वडील स्वतःला इव्हेंट मॅनेजर म्हणवत नाहीत. पण व्हेंडर, मजूर, वीज, परवानग्या, रुसलेले पाहुणे हे सगळं ते वर्षानुवर्षं सांभाळतायत. (आम्हाला हेच सेमिस्टरभर शिकवलं, चाळीस स्लाइड्समध्ये.)

दुबईचं स्वप्न पाहणारेही आहेत. तिथे पगारावर इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण घरभाडं ऐकून बसायला खुर्ची लागते.

आता माझ्या त्या मार्चमधल्या पैशांबद्दल. फ्रीलान्स काम वारंवार करणार असाल, तर सरकारची 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. दिवसाचा रेट आणि पैसे देण्याची तारीख निदान व्हॉट्सॲपवर तरी लेखी घ्या. टीडीएस कापला असेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो का ते बघा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. फोनवर "हो, येते" म्हणाले होते, बस.

मित्राने मात्र एचआरला तीन प्रश्न मेल केले. रात्रीची कॅब कोण देणार? रविवारी काम केलं तर बदली सुट्टी मिळणार का? बाहेरगावच्या शोला रोजचा भत्ता किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली, कॅब मिळेल आणि सुट्टी 'बघू'. भत्त्याबद्दल अजून काही कळलेलं नाही. जॉइनिंगची तारीख नेमकी तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात आलीय. सांगलीत वडिलांच्या वहीत त्यानंतरच्या पंधरा दिवसांत अकरा ऑर्डरी आहेत, आणि त्यांना माणूस कमी पडतोय.