मेडिकल नसलेली भरती

सैन्यभरतीच्या मैदानात १६०० मीटरला पहिला आलेला पोरगा कानातल्या मळापायी अडकू शकतो. कानाचा पडदा दिसला नाही की डॉक्टर पुढची सही करत नाही, कागदावर शेरा पडतो ‘टेम्पररी अनफिट’. म्हणून राजगुरुनगर, चाकण, आळंदीकडच्या भरती अकॅडमीतले सर ग्राउंड लागायच्या आधीच पोरांना दटावतात: कान साफ करून ये, दात दाखवून ये, मूळव्याध असेल तर लपवू नको. पोरं धावण्याची तयारी वर्षवर्षभर करतात आणि मेडिकलची आठवण त्यांना ग्राउंड निघाल्यावर होते.

मेडिकलमध्ये गुडघे जुळवून उभं राहायला सांगतात आणि घोट्यांमध्ये किती अंतर उरतं ते बघतात. तळपायाची कमान आहे की पाय सपाट, हे घरीच बघायचं तर ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवावा, सबंध पाऊल उमटलं तर काळजीचं कारण. कोपर सरळ केल्यावर हात किती बाहेर जातो, नाकातला पडदा वाकडा आहे का, शिरा फुगल्यात का, ठिपक्यांच्या इशिहारा पुस्तकातला आकडा ओळखता येतो का, टॅटू कुठं काढलाय. बाद झालेल्याला मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू मागता येतो. तिथंही ‘परमनंट अनफिट’ आलं की विषय संपतो आणि पोरगा महिन्याभरात चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या रांगेत दिसतो.

अशाच पोरांच्या मोबाइलवर परदेशी सैन्याच्या जाहिराती येतात, आणि त्यातल्या वर्दीची ओढ खोटी नसते. मार्च २०२२ मध्ये कोईमतूरचा एक विद्यार्थी युक्रेनच्या बाजूने लढायला परदेशी स्वयंसेवकांच्या तुकडीत दाखल झाला. तो खारकीवला एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकत होता, आणि उंचीमुळे भारतीय सैन्याने त्याला आधी नाकारलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. इथं नाकारलेलं शरीर तिथं कसं चाललं, हा प्रश्न मला त्याच्या हिमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नीट चालणारं कुठलंही सैन्य माणूस घेताना फार चिकित्सक असतं. आपल्याकडे ‘शेप’ नावाची प्रतवारी आहे: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे, प्रत्येकाला एक ते पाच दर्जा. ब्रिटिशांची ‘पुलहीम्स’ दोन्ही कान आणि दोन्ही डोळे वेगवेगळे मोजते. फ्रेंचांची ‘सिगीकॉप’ खांद्यापासून सुरू होते आणि रंग ओळखण्याला स्वतंत्र खाना ठेवते. फ्रान्सची फॉरेन लीजन १८३१ पासून परदेशी माणसं घेते. साडेसतरा ते साडेएकोणचाळीस वय, पहिला करार पाच वर्षांचा. पण तिथंही मार्सेयजवळच्या ओबान्यच्या तळावर डॉक्टर, दात, मानसिक चाचणी, पुलअप्स, बीपच्या तालावर धावणं, हे सगळं पार केल्याशिवाय कराराचा कागद पुढं येत नाही.

एवढी चिकित्सा शत्रूच्या भीतीने होत नाही, खर्चाच्या भीतीने होते. आज सही केलेला माणूस उद्या मोडला तर त्याचं औषधपाणी, पेन्शन, कृत्रिम पाय, विधवेचा पगार, सगळं सरकारच्या बोडक्यावर बसतं. आधीचा आजार कुठला आणि नोकरीत झालेली इजा कुठली, हा वाद उद्या होणारच असतो, म्हणून आज प्रत्येक गुडघ्याची नोंद होते. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की खडकी. तिथं अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांसाठी ती १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे इथं आली. तिथंच मणक्याला मार बसून कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं. भरती करणाऱ्याला पुढं हे चालवावं लागतं. अग्निवीराला चार वर्षांनी पेन्शन नाही, यावर कितीही भांडता येईल आणि भांडावंच; पण ड्यूटीवर अपंगत्व आलं तर किती टक्क्याला किती रक्कम, हे त्याच्याही योजनेत लिहिलेलं आहे.

आता रशियाकडे बघू. २०२३ च्या अखेरपासून गुजरात, तेलंगणा, केरळ, पंजाब, उत्तर प्रदेश अशा राज्यांतली पोरं तिकडे गेली. कुणाला ‘आर्मी हेल्पर’ सांगितलं होतं, कुणाला सिक्युरिटी गार्ड, कुणाला शिक्षणाचा व्हिसा. करार रशियन भाषेत, सही करणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. जेमतेम काही दिवसांचं प्रशिक्षण आणि मग थेट युक्रेन युद्धाची आघाडी. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून ज्या शहरांत छापे घातले त्यात मुंबईही होती. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेला हिशेब असा: १२६ भारतीय गेल्याचं कळलं, ९६ परत आले, १२ मेले, १८ तिथंच, आणि त्यातल्या १६ जणांचा ठावठिकाणा रशियालाही सांगता येत नव्हता.

कागदावर रशियाचेही नियम कडक आहेत. लष्करी वैद्यकीय आयोग असतो, पूर्ण पात्र ते पूर्ण अपात्र अशा पाच श्रेणी असतात. तरी याच युद्धात वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीने तुरुंगातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस झालेले कैदी उचलले, त्यांच्या मनगटात ओळखीसाठी रंगीत पट्ट्या घातल्या, असं युक्रेनी अधिकाऱ्यांनी सांगितलं. ज्या माणसाला वर्षभर टिकवायचा हिशेबच नाही, त्याच्या तळपायाची कमान कोण बघत बसणार?

चाकणच्या पट्ट्यात मेडिकलच्या या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. प्रेस शॉपमध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या पोराचे कान आवाजाने हळूहळू जातात. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा असते. ती पाळली नाही आणि इअरप्लग खिशातच राहिला तर ऐकण्याच्या तपासणीत ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसू लागतो. गप्पा मारताना काही जाणवत नाही, त्यामुळे पोरगा म्हणतो, ‘मला तर सगळं ऐकू येतंय.’ बोटांचं तर विचारूच नका. कामगार भरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात आणि अंगठ्याला ३० टक्के. सैन्याच्या डॉक्टरला ही टक्केवारी लागत नाही. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट नाही म्हटल्यावर तो पुढचा कागद बघतही नाही. कामाला घेताना ज्याची श्रवणचाचणी झाली नाही त्याला बहिरेपण कंपनीत आलं की आधीच होतं, हे मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊन सिद्ध करताना घाम फुटतो. ठेकेदाराच्या पोरांचं मेडिकल वजन, उंची, बीपी आणि शिक्का एवढ्यावर उरकतं, आणि लवकर उरकलं म्हणून पोरं खूश असतात. मला ती खुशी कधीच पटलेली नाही.

परदेशी सैन्यात जाणाऱ्यांच्या या गोष्टीला अपवाद म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव कुणीतरी घेईलच. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले. कोटणीस मागं राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत सामील झाले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथं त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ३२ व्या वर्षी ते गेले. आजच्या बहुतेक सैन्यांच्या यादीत अपस्मार म्हणजे सरळ नकार. पण कोटणीसांना काँग्रेसने जाहीरपणे पाठवलं होतं, आपण कुठं चाललोय हे त्यांना ठाऊक होतं आणि मध्ये दलाल नव्हता. त्या नावाची ढाल एजंटांनी करू नये.

कायद्याचंही ध्यानात ठेवावं. भारताशी शांततेचे संबंध असलेल्या देशाच्या सरकारविरुद्ध युद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ खाली गुन्हा आहे, आणि युक्रेनशी आपलं भांडण नाही. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट नोंदणीकृत लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतो, आणि त्याची फी कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापुढे जाऊ शकत नाही. फॉरेन लीजनला तर एजंटच नसतो. स्वतःच्या खर्चाने फ्रान्सला जाऊन त्यांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि निवड चालू असताना जेवण-मुक्काम त्यांच्याकडे. सेवेत जखमी झालेल्या परदेशी लीजनरीला फ्रेंच नागरिकत्व मागण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याने दिला आहे. तेव्हा कुणी लाख-दोन लाख मागून ‘मेडिकलचं आम्ही बघून घेतो’ म्हणालाच, तर पोराच्या आईवडिलांनी त्याला एवढंच विचारावं की पोरगा जखमी झाला तर कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या खर्चाने, आणि हे कराराच्या कुठल्या कलमात लिहिलंय.