सुटी दाजीपूरच्या रानांत

सुटींत नदीकांठच्या निवासांत राहून गळ टाकावा, वन्य पशु पाहावे, या हौसेपायीं कित्येक कुटुंबें आफ्रिकेची वाट धरतात. कोल्हापूरकरांस तसें रान अवघ्या ८० किलोमीटरांवर, दाजीपुरास आहे. छत्रपतींच्या शिकारीचें हें रान १९५८ सालीं गव्यांसाठीं अभयारण्य झालें. जवळच भोगावतीवर शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या राधानगरी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे.

येथें येतांना गळ मात्र घरींच ठेवावा. १९७२ च्या कायद्यानें अभयारण्यांतील जीवांस अभय दिलें आहे. पहांटे पाणवठ्यावर गवा आलाच, तर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं दूर, निःशब्द उभें राहावें. कांहीं न मारतां, कांहीं न घेतां रान पाहण्याची संवय मुलांस लहानपणींच लागली पाहिजे. सुटीची खरी कमाई तीच होय.