उन्हाकडं तोंड करून

अंबडच्या मत्स्योदरीच्या टेकडीवरून खाली उतरलो तेव्हा डिसेंबरातलं ऊन नुकतंच माळावर सांडायला लागलं होतं. टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवी मत्स्योदरी. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, आज मात्र आम्ही पाचजण आणि एक कुत्रं. पाठीवर भाकरी, ठेचा, मोसंब्या. समोर पिवळ्या गवतातून, तेल लावून भांग पाडावा तशी, एक वाट निघालेली.

साडेदहाच्या सुमारास ती वाट हरवली. म्हणजे आम्ही तिच्यावरच उभे होतो, पण दिसत नव्हती. मागे वळून पाहिलं तर आलो ती वाटही नाही. चहूकडे एकसारखं गवत, चार बाभळी, एक हिवर. फोनच्या नकाशावर आमचा निळा ठिपका कोऱ्या पिवळ्या कागदावर ठेवल्यासारखा. मोबाइलच्या लेखी हा माळ म्हणजे काहीच नाही. सरकारी दफ्तरातही त्याला ‘पडीक’ म्हणायची रीत आहे.

मेंढरं घेऊन एक आबा आले. आमच्यातला एकजण म्हणाला, “आबा, वाट कुठं गेली हो?”

“वाट कुटं जाती? तुमच्या पायाखाली हाय की.” मग आमची तोंडं बघून हसले. “उन्हाला पाठ करून बगताय तुमी. उन्हाकडं तोंड करून, जरा खाली बसून बगा.”

गुडघ्यावर बसलो. डोळ्यांवर हात धरून सूर्याच्या दिशेनं पाहिलं. आणि गवतातून एक अंधूक करडी रेघ उठली. पुढच्या बांधापर्यंत गेलेली, बारीक, पण चुकवता न येणारी.

ही जादू भूमितीची आहे. पायवाट म्हणजे जमिनीतली एक उथळ पन्हळ, चार बोटं खोल, कडा अगदी मंद उताराच्या. समजा त्या कडेचा उतार पंधरा अंश आहे. मग सूर्य पंधरा अंशांपेक्षा खाली असेल तरच त्या कडेची सावली पडेल. अंबड साधारण १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरच्या शेवटी सूर्याला उगवून पंधरा अंश चढायला सव्वा तास लागतो. म्हणजे वाट सावलीनं रेखलेली असते ती रोज सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी सव्वा तास. मधला सगळा दिवस ती नुसत्या गवताच्या रंगावर आणि जमिनीच्या चकाकीवर जगते, आणि तेवढं दिसायला उन्हासमोर बसावं लागतं. तुडवलेलं गवत एका बाजूला कललेलं असतं. त्याची पाती उजेड उभ्या पात्यांपेक्षा निराळ्या दिशेला परतवतात.

हिवाळ्यात निदान ही सोय तरी आहे. आजच्या दिवसात भर दुपारीही सूर्य सत्तेचाळीस अंशांच्या वर जात नाही, आपली सावली जवळजवळ आपल्याएवढी राहते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हाच सूर्य अंबडच्या डोक्यावर बरोबर उभा राहतो आणि सावली पायांत गोळा होते. तेव्हा हा माळ म्हणजे नुसती तापलेली परात. वाट बघायची तर थंडीतच यावं.

इंग्लंडमध्ये १९६७ साली रिचर्ड लाँग नावाच्या, कला शिकणाऱ्या एका तरुणानं गवताच्या मैदानात सरळ रेषेत पुनःपुन्हा येरझाऱ्या घातल्या आणि दबलेल्या गवतावर उजेड पडून रेघ दिसली तेव्हा तिचा फोटो काढला. तो फोटो आज आधुनिक कलेच्या इतिहासात आहे. आबांची मेंढरं हेच काम रोज करतात. फोटो तेवढा कुणी काढलेला नाही.

बांध ओलांडून काळ्या रानात शिरलो आणि वाट पुन्हा गेली. या वेळी मात्र खरोखरच गेली. बसून, वाकून, उन्हाकडे तोंड करून, कशानंच दिसेना. आबांचं एक वाक्य तेव्हा आठवलं: “काळ्यात वाट ऱ्हात न्हाई.”

मला वाटतं, दिवसभरातलं सगळ्यात मोठं विज्ञान या वाक्यात होतं. मराठवाड्याच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. तो पाषाण झिजताना एकाच आईची दोन स्वभावाची लेकरं झाली. उतारावर राहिला तो मुरूम: भरड, खडीसारखा, हट्टी. खोलगटात साठली ती काळी माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची सुटी माती त्या भेगांत ढासळते, पावसात खालची फुगून वर रेटते. ही जमीन दरवर्षी स्वतःलाच नांगरते. त्यात माणसाचा नांगर आणि कुळव वेगळेच. तिच्यावर कालचं पाऊल टिकायचं कसं? मुरमावर मात्र खूर पडला की मोठे खडे बाजूला सरकतात, बारीक कण दाबून बसतात, आणि पुढचा पाऊस त्यावरून नुसता वाहून जातो. कोरड्या मुलखात हे असं शेकडो वर्षं टिकू शकतं. पेरूच्या नाझका वाळवंटात लोकांनी वरचे काळपट दगड उचलून खालची फिकट जमीन उघडी केली आणि मैलोगणती रेघा आखल्या. सुमारे दोन हजार वर्षं झाली, त्या अजून आहेत.

अंबडच्या माळाला वाळवंट म्हणणं खरं म्हणजे अन्याय आहे. इथे पाऊस पडतो, बोरं पिकतात, पलीकडच्या शिवारात ज्वारी हुरड्याला आली आहे. पण हिवाळ्यात माळ वाळवंटाचे नियम पाळतो. हवेत दमटपणा फारसा नसतो, आभाळ निरभ्र, त्यामुळे जमिनीची दिवसाची ऊब रात्री सरळ आकाशात निघून जाते. पहाटे १०-१२ अंशांत आम्ही कानटोप्या घालून कुडकुडत होतो आणि दुपारी तिशीच्या आसपास सदऱ्याच्या बाह्या वर. जमिनीलगतची गार हवा आवाजही खाली वाकवते. सकाळी खूप लांब आल्यावरही टेकडीवरची घंटा शेजारच्या गल्लीत वाजावी तशी ऐकू आली होती. दुपारी जवळ असून काही नाही.

जेवायला हिवराखाली बसलो आणि सगळ्यांनी एकच उद्योग केला: पायमोज्यांतली कुसळं काढणं. डोळ्यातल्या कुसळाची म्हण ज्यानं केली त्यानं ते मोज्यातून कधी काढलं नसावं. एक कुसळ मी ओल्या बोटावर ठेवलं. क्षणभर काही नाही. मग त्याची लांब, पीळ घातलेली शेपटी हळूहळू फिरायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी, पण जिवंत वाटावी अशी. या शेपटीत पेशींचे थर असे असतात की ओल लागली, की ते सारखे फुगत नाहीत. ओल्यात पीळ सुटतो, कोरड्यात पुन्हा बसतो. पहाटेचं दव आणि दुपारचं ऊन, दोघं मिळून बीला रोज गिरमिटासारखं जमिनीत फिरवतात. टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७६ मध्ये याच तऱ्हेच्या शेपटीच्या दुसऱ्या एका गवतावर प्रयोग करून ही युक्ती उलगडली होती. या गिरमिटाला माती जरा सुटी किंवा भेगाळलेली लागते. खुरांनी दाबून दगड झालेल्या वाटेवर त्याची डाळ शिजत नाही. म्हणून गवत दोन्ही काठांना दाटतं आणि मधला भांग मोकळा राहतो. वाटेची रखवाली मेंढरं करतातच, पण थोडी कुसळाची हारही करते.

परतताना पाच वाजून गेले होते. सकाळी ज्या वाटेनं आलो तिचा मागमूस नव्हता, आणि तिच्याऐवजी दुसऱ्याच तीन-चार रेघा माळभर उमटल्या होत्या. आम्ही चक्रावलो. मग लक्षात आलं. हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि मावळतो तोही पश्चिमेच्या तेवढाच दक्षिणेला. जी वाट उजेडाला आडवी असेल तिचीच सावली पडते. सकाळच्या उन्हानं एका दिशेच्या वाटा दाखवल्या, संध्याकाळच्या उन्हानं दुसऱ्या. दिवसभर आम्ही त्या ओलांडत होतो, त्यांच्यावर बसून भाकरी खाल्ली होती.

सगळ्या रेघा एका ओढ्याकडे उतरत होत्या. तिथे आबांची मेंढरं पाणी पीत होती. अंबड हे होळकरांच्या अमलातलं गाव, इथली पुष्करणी अहिल्याबाईंनी बांधली. होळकर मुळात धनगर. पाण्याकडे जाणाऱ्या वाटा आणि पाण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या, या दोन्ही एकाच लोकांच्या असाव्यात याचं मला त्या क्षणी फार नवल वाटलं. आबांनी लांबूनच काठी वर केली.

गावात येऊन टपरीवर चहा घेतला तेव्हा अंधार पडला होता, हवेत गारठा आणि थोडी ओल. मोजा काढून बाकड्यावर ठेवला. त्यात उरलेलं एक कुसळ उजेडात अगदी हळू, डोळ्यांना जेमतेम कळेल असं, पुन्हा फिरायला लागलं होतं.