कुंडीतील वृक्ष आणि आपली रोपे

जपानची राजधानी टोकियो हिच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर सायतामा शहरात ओमिया नावाचा भाग आहे. उथळ कुंडीत झाड वाढवून त्यास जुन्या वृक्षाचे रूप देण्याची जी विद्या ‘बोन्साय’ या नावाने ओळखली जाते, तिच्या खासगी रोपवाटिकांसाठी हे ठिकाण जगभर प्रसिद्ध आहे. त्यांपैकी एक रोपवाटिका पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. शोभेच्या झाडांशी शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु झाड कुंडीतील असो वा बांधावरील, त्याच्या मुळांचे नियम एकच असतात. ते नियम या रोपवाटिकेत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच अन्यत्र दिसत असतील.

वस्ती कशी वसली

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसरात मोठा भूकंप झाला आणि त्यामागून लागलेल्या आगीत शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर तेथील काही बोन्साय उत्पादकांनी मोकळी जागा, स्वच्छ हवा आणि चांगले पाणी पाहून १९२५ मध्ये ओमियास आपली बिऱ्हाडे व झाडे हलविली. येथे राहू इच्छिणाऱ्याने किमान दहा बोन्साय बाळगावेत, आपले फाटक सर्वांस खुले ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण जिवंत झाडांचे असावे, असे नियम त्यांनी आपसांत ठरविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चैनीची वस्तू म्हणून या व्यवसायावर अवकळा आली. अनेक रोपवाटिका बंद पडल्या आणि आज त्यांतील थोड्याच उरल्या आहेत. तरी १९८९ मध्ये पहिले जागतिक बोन्साय संमेलन येथेच भरले, आणि २०१० मध्ये शहराने बोन्सायसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले.

संग्रहातील झाडे

फाटकातून आत जाताच कमरेइतक्या उंचीच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली झाडे दिसतात. पाच सुयांच्या झुपक्याचा पांढरा पाइन, खडबडीत सालीचा काळा पाइन, हाताच्या पंजासारख्या पानांचा मेपल आणि केरसुणीसारख्या पसरलेल्या फांद्यांचा झेल्कोवा हे येथील मुख्य वृक्ष होत. सर्वांत अधिक वेळ पाहत राहावेसे वाटते ते जुने जुनिपर. त्याच्या खोडाचा बराचसा भाग वाळून हाडासारखा पांढरा झालेला असतो आणि त्यास बिलगून गेलेल्या सालीच्या अरुंद पट्टीवर वरची सारी हिरवळ पोसली जाते. झाडाचा रस कोणत्या मार्गाने वाहतो, हे समजावून देण्यास यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

या झाडांचे वय ऐकून पाहुणा थक्क होतो. शंभर वर्षांची झाडे येथे नवलाची नाहीत. हिरोशिमा येथील एका घराण्यात १६२५ पासून जोपासलेला पांढरा पाइन ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबच्या स्फोटातून वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेस भेट देण्यात आला आणि वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवण्यात आला. सुमारे चारशे वर्षे एखादे झाड परातीएवढ्या जागेत जगते याचा अर्थ असा की, इतक्या काळात त्याच्या मालकांच्या कित्येक पिढ्या पालटल्या, तरी निगराणीत खंड पडला नाही.

झाड लहान कशामुळे राहते

बोन्साय उपाशी ठेवल्यामुळे खुरटतात, हा समज चुकीचा आहे. त्यांस वेळेवर खत दिले जाते, भरपूर ऊन दिले जाते आणि ती उघड्यावरच वाढविली जातात. घरात ती मांडली तरी थोडेच दिवस. त्यांचे बियाणेही वेगळे नसते. तोच पाइन रानात लावला तर उंच वाढेल. आकार मर्यादित राहतो तो मुळे व शेंडा या दोहोंच्या छाटणीमुळे. दर दोन ते पाच वर्षांनी झाड कुंडीबाहेर काढतात, जाड व गुंडाळलेली मुळे कापतात, तंतुमुळे राखतात आणि दाणेदार, उत्तम निचऱ्याच्या मातीत ते पुन्हा बसवितात. वरच्या बाजूस शेंडे खुडून फुटवे वाढवितात. द्राक्षबागेत शेंडा मारणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या पद्धतीने पाने लहान होतात, परंतु फळ लहान होत नाही. म्हणून फळझाडाच्या बोन्सायवर मोजकीच फळे ठेवून बाकीची काढून टाकतात, नाहीतर झाड थकते. डाळिंबाची विरळणी करताना कचरणाऱ्या बागाईतदाराने याचा विचार करावा.

पाणी देण्याची विद्या

‘पाणी देणे शिकण्यास तीन वर्षे’ अशी या व्यवसायात म्हण आहे. उमेदवार कात्री चालविण्यापूर्वी झारी धरण्यास शिकतो. प्रत्येक कुंडीची माती पाहून, झाडाची जात व त्या दिवसाची हवा ओळखून पाणी द्यावयाचे असते. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, कधी तीनदाही पाणी लागते. भर उन्हाळ्यात एका दिवसाची हयगय झाली, तरी आजोबाने जोपासलेले झाड नातवाच्या हातून जाऊ शकते.

आपण काय घ्यावे

पाइन व जुनिपर यांस हिवाळ्याची थंडी मानवते. आपल्या सपाट प्रदेशातील उष्णतेत त्यांचा अट्टाहास धरू नये. ज्यांस ही कला हौसेने शिकावयाची असेल त्यांनी वड, पिंपळ, उंबर व चिंच ही आपलीच झाडे घ्यावीत. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आपल्या रोपवाटिकांची आहे.

पिशवीतील रोप वेळेवर लावले नाही, तर त्याचे सोटमूळ तळाशी पोहोचून गोल फिरू लागते. असे रोप खड्ड्यात लावल्यावरही ती गुंडाळी सुटत नाही. झाड काही वर्षे बरे दिसते, पुढे खुरटते, किंवा वाऱ्याने उन्मळून पडते. दोष जमिनीस वा पावसास दिला जातो. बोन्सायचा माळी मुळे वारंवार तपासतो, म्हणून त्याचे झाड थोड्या मातीत जगते. आपण ती एकदाही पाहत नाही, म्हणून आपले झाड मोठ्या शेतातही मरते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. रोपे घेताना एक-दोन पिशव्या उघडून मुळे पाहावीत. तळाशी जाड गुंडाळी असलेली जुनी रोपे घेऊ नयेत.

२. लावताना पिशवी पूर्ण काढावी. तळाशी मुळे थोडी फिरली असल्यास तेवढा भाग धारदार चाकूने कापावा.

३. कलमाच्या मुळांभोवतीची हुंडी फुटू देऊ नये आणि कलमाचा जोड मातीत गाडू नये.

४. प्रत्येक रोपाच्या पाण्याची जबाबदारी लागवडीच्या दिवशीच ठराविक व्यक्तीवर सोपवावी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

शेवटच्या सूचनेकडे ग्रामपातळीवरील आमच्या सहकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यात उत्साहाने लावलेली झाडे पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली आढळतात, तेव्हा उणीव बहुधा रोपांची नसते, पाणी घालणाऱ्या माणसाची असते. लागवडीच्या नोंदवहीत रोपांच्या संख्येशेजारी त्यांची निगा राखणाऱ्याचे नाव लिहावे आणि येत्या चैत्र-वैशाखात त्या नोंदवहीसह प्रत्येक रोपापाशी जाऊन ते जिवंत आहे की नाही हे पाहावे.