मोटारसायकलवरून लॅपटॉप नेताना: मशीन वेगळं, डेटा वेगळा



पेट कशी द्यायची, गाईड कसे निवडायचे, सिनॉप्सिस कसा लिहायचा, हे तुम्ही नेहमी विचारता. आजचा विषय कोणत्याच सिलॅबसमध्ये नाही, पण पीएचडीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तो समोर येतो. लॅपटॉप रोज गाडीवरून न्यायचा तर कसा?

आपल्याकडे हा प्रश्न छोटा नाही. हिमायतनगरहून, म्हणजे आपल्या वाढोण्याहून, भोकरमार्गे नांदेड ऐंशीच्या आसपास किलोमीटर आहे. विद्यापीठ त्याच्याही पुढे, विष्णुपुरीला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत, त्यामुळे लांबून येणारे संशोधक भरपूर. कुणी लॅबसाठी जातं, कुणी सर्व्हेसाठी गावोगाव फिरतं, आणि बहुतेकांकडे वाहन एकच, मोटारसायकल.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात आणि साधारणपणे ६ वर्षांत ती संपवावी लागते. या काळातलं सगळं काम एका काळ्या बॅगेत पाठीवर असतं. लॅपटॉप फुटला तर कर्ज काढून दुसरा घेता येतो. पण खरिपात सोयाबीनवर घेतलेल्या नोंदी परत घ्यायच्या तर पुढच्या खरिपाची वाट पाहावी लागते, आणि तो खरीप मागच्यासारखा नसतो. म्हणून आज दोन गोष्टी वेगवेगळ्या बघू. आधी मशीन, मग डेटा.

धक्का म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉप पडल्यामुळे फुटत नाही, थांबल्यामुळे फुटतो. बारावीचंच गणित आहे. वस्तू जितक्या उंचीवरून पडते त्या उंचीला, ती थांबताना जितकं अंतर घेते त्या अंतरानं भागा. किती 'जी' एवढा धक्का बसला ते येतं. एक 'जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण.

समजा लॅपटॉप १ मीटरवरून थेट फरशीवर पडला आणि १ मिलिमीटरमध्ये थांबला. १००० भागिले १, म्हणजे सरासरी १००० जी. तोच लॅपटॉप मऊ फोमवर पडला आणि १ सेंटिमीटर दबत थांबला, तर सरासरी १०० जी. उंची तीच आणि वजन तेच असूनही धक्का दहा पटींनी कमी झाला. प्रत्यक्षात सर्वात मोठा झटका सरासरीपेक्षा जास्त असतो, पण हिशोबाची दिशा हीच राहते.

म्हणजे चांगल्या बॅगेचं काम एकच, थांबायला अंतर देणं. बॅग घेताना ब्रँडच्या आधी तिचा तळ बघा. बऱ्याच स्वस्त बॅगांना बाजूंनी फोम असतो, पण लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत जातो. अशी बॅग जमिनीवर टेकवली की लॅपटॉपची कड सरळ फरशीवर आदळते. कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर लटकलेला हवा. तसा नसेल तर तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा दुमडून टाका, काम होतं.

हार्ड डिस्क की एसएसडी?

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत अशी डिस्क चालू असताना साधारण ३००-४०० जी आणि बंद असताना ९००-१००० जी एवढा क्षणभराचा धक्का सोसेल असं लिहिलेलं असतं, कारण बंद झाली की हेड बाजूला जाऊन बसतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिचा आकडा १५०० जीच्या आसपास असतो.

तुमच्याकडे काय आहे ते विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक केलं की दिसतं. हार्ड डिस्क असेल तर निघताना शट डाऊन कराच. एसएसडी असली तरी नुसतं झाकण लावून निघू नका. स्लीपमधला लॅपटॉप मध्येच जागा होतो आणि बंद बॅगेत तापत राहतो. आणि एसएसडी म्हणजे अमर नव्हे. ती पडल्यानं कमी बिघडते, पण बिघडली तर कधी कधी आधी काही न सांगता एकदम जाते आणि डेटा परत काढणं अवघड होतं.

बॅग कुठे ठेवायची?

पाठीवर, दोन्ही पट्टे घालून. का ते बघा.

सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेतं तेव्हा ते सेकंदाला ८० हून जास्त वेळा थरथरतं. ही थरथर चेसिस, हँडल आणि कॅरिअरमधून जशीच्या तशी पुढे जाते. अॅपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये सूचना काढली होती की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावला तर कंपनांमुळे त्याचा कॅमेरा खराब होऊ शकतो. लॅपटॉपमध्ये तसा कॅमेरा नसतो, पण बिजागरी, स्क्रू, जोडण्या असतातच. माणसाचं शरीर मात्र सेकंदाला ४ ते ८ वेळांच्या हळू हेलकाव्यांना जास्त साथ देतं आणि त्याच्या वरची थरथर बरीचशी गिळून टाकतं. थोडक्यात, आपणच गाडीचा तिसरा शॉकअप.

कॅरिअरवर रबरी दोरीनं बांधलेली बॅग यात दोनदा मार खाते. एक तर ती धातूला चिकटलेली असते. दुसरं, कॅरिअर मागच्या चाकाच्याही मागे असतं, त्यामुळे खड्ड्यात चाक उसळलं की तरफेसारखं तेही जास्त उसळतं. वर दोरी सुटली तर तुम्हाला कळतसुद्धा नाही. टाकीवर ठेवलेली बॅग हँडल वळवताना आडवी येते. एका खांद्यावरची बॅग वळणावर घसरते आणि तिचा पट्टा चाकाकडे जाऊ शकतो.

बॅगेत लॅपटॉपच्या झाकणाची बाजू पाठीकडे ठेवा. चार्जर, स्टीलचा डबा, कुलूप असं कडक काही त्याला चिकटून नको, स्क्रीन बहुतेक वेळा अशा दाबानंच जाते. पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात.

आणि एक, लॅपटॉपला कव्हर आणि डोक्याला काही नाही असं करू नका. हेल्मेट आधी. गाडी घसरली तर बॅग वाचवायला हात टाकू नका.

पाऊस आणि ऊन

मोठे थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगानं पडतात. तुम्ही ताशी ६० किमीनं जात असाल तर तुमचा वेग सेकंदाला १६-१७ मीटर झाला. म्हणजे तुमच्या दृष्टीनं पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. पाणी खांद्यावरून ओघळत पट्ट्यांच्या शिवणीत शिरतं, आणि मागच्या चाकाचा चिखल खालून उडतो. बॅगेचं रेनकव्हर पाठीला लागणारी बाजू झाकतच नाही. म्हणून कव्हर बाहेरून असू द्या, पण खरा भरवसा आतल्या जाड प्लास्टिक पिशवीवर ठेवा. लॅपटॉप पिशवीत घाला, तोंड दोनदा दुमडा, दुमडलेली बाजू खाली करा. पोचल्यावर लगेच बाहेर काढा, नाहीतर आतली दमट हवा तिथेच कोंडते.

तरीही भिजलाच तर "चालतो का बघू" म्हणून बटण दाबू नका. ओल्या सर्किटमधून वीज गेली की खरं नुकसान होतं. चार्जर लावू नका, चालू असेल तर बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळात पुरून फार काही होत नाही.

उन्हाळ्यात नांदेडचा पारा ४२ च्या वर जातो. मॅकबुकसाठी अॅपलनं बंद अवस्थेत ठेवायची कमाल मर्यादा ४५ अंश दिली आहे, आणि उन्हात उभ्या स्कूटीची डिक्की ती सहज ओलांडते. बॅटरीला उष्णता आणि फुल चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र सगळ्यात जास्त मारतात. म्हणून मे महिन्यात लांब जायचं असेल तर १०० टक्के चार्ज करून निघायची गरज नाही, आणि चहाला थांबलात तर बॅग सोबत न्या.

धो धो पाऊस असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवा. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर हिमायतनगर स्टेशन आहे, एसटी आहे.

आता डेटा

वरचं सगळं केलं तरी बॅग चोरीला जाऊ शकते. फोम चोरी थांबवत नाही. म्हणून लॅपटॉप आज गेला असं धरूनच डेटाची सोय करायची.

जगभर वापरला जाणारा साधा नियम म्हणजे ३-२-१. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ वेगळ्या ठिकाणी. आपल्यासाठी एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी घरी कपाटातल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि तिसरी गुगल ड्राइव्हवर. मोफत १५ जीबी मिळतात. नोंदी, एक्सेल आणि थिसिसच्या फाईल्सना ते सहसा पुरतात. गावात नेट कमी असेल तर लॅबमधून निघण्याआधी अपलोड पूर्ण करा.

इथे तीन चुका सर्रास होतात.

पहिली, एक्स्टर्नल डिस्क त्याच बॅगेत नेणं. बॅग गेली की दोन्ही प्रती गेल्या, म्हणजे बॅकअप नव्हताच.

दुसरी, सिंकला बॅकअप समजणं. लॅपटॉपवर चुकून फाईल उडवली तर ड्राइव्हवरूनही उडते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. म्हणून महिन्यातून एकदा तारखेच्या नावानं वेगळी प्रत ठेवा.

तिसरी, मूळ नोंदी विसरणं. फील्ड डायरीच्या पानांचे त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा. एक्सआरडी, एफटीआयआरच्या मूळ फाईल्स लगेच आणा, मशीनच्या कॉम्प्युटरवर त्या कायम राहतील असं धरू नका.

शेवटचा मुद्दा तुमच्यापेक्षा दुसऱ्यांचा आहे. सर्व्हेत शेतकऱ्यांची, रुग्णांची नावं, मोबाईल नंबर, कर्ज, आजार असं सगळं असतं. त्यांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं. चोरलेल्या लॅपटॉपमधून ते बाहेर पडू नये म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करा, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. रिकव्हरी की लिहून घरी ठेवा, बॅगेत नाही. नावांची यादी आणि उत्तरांची फाईल वेगळी ठेवून दोन्हींत फक्त क्रमांक वापरले तर आणखी चांगलं.

आज रात्री एक परीक्षा घ्या. लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमची सर्वात महत्त्वाची फाईल उघडून दाखवा. उघडली तर उद्या निवांत गाडी काढा. नाही उघडली, तर आधी ते काम करा, बॅग नंतर घेऊ.