शेवट आधी, पाचवं वर्ष नंतर!

‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकी सायन्स फिक्शन मालिका पाहिलेल्यांनी हात वर करा! न पाहिलेल्यांनी तिच्या निर्मितीची गोष्ट तरी वाचाच.

जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की या लेखकाने पाच वर्षांची अखंड कथा आधीच आखली होती. एखादी कादंबरी असते ना, तशी. पायलट, म्हणजे चाचणी भाग, आला फेब्रुवारी 1993 मध्ये. पैसे बेताचे, म्हणून अंतराळयानांची मॉडेल्स न बांधता ती थेट कॉम्प्युटरवर रंगवली, तीही सुरुवातीला अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर!

खरी धमाल चौथ्या वर्षी. मालिका दाखवणारं नेटवर्क डबघाईला आलं आणि पाचवं वर्ष मिळेल याची खात्री उरली नाही. मग स्ट्रॅझिन्स्कीने कथेला वेग दिला आणि शेवटचा भाग चित्रितही करून टाकला. तेवढ्यात टीएनटी वाहिनी धावून आली. तयार शेवट कपाटात ठेवून चौथ्या वर्षासाठी घाईने दुसरा समारोप केला गेला. गंमत म्हणजे, इवानोव्हा ही व्यक्तिरेखा साकारणारी क्लॉडिया ख्रिश्चन पाचव्या वर्षात नव्हतीच. तरी 1998 च्या अंतिम भागात ती दिसते, कारण तो आधीच झाला होता!

एकूण 110 भागांपैकी 92 स्ट्रॅझिन्स्कीने एकट्याने लिहिले. पाचव्या वर्षाची सुरुवात थोडी रेंगाळते, हे मान्य. पहिलं वर्षही जरा धीराने घ्या; दुसऱ्यापासून मालिका सोडवत नाही.