अपस्माराच्या उगमाचा शोध

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात जिला मिरगी म्हणतात, ती बाहेरची बाधा नसून मेंदूच्या विद्युत्-व्यवहारातील बिघाड होय. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबत नाहीत. त्यांपैकी काहींना शस्त्रक्रिया तारक ठरते. वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी ती १९५२ मध्येच केली होती. मात्र झटक्याचे उगमस्थान नेमके सापडले पाहिजे.

एमआरआयमध्ये दोष न दिसल्यास मेंदूत इलेक्ट्रोड बसवून आलेख घेतात. परंतु प्रथम हललेली रेषा मूळच दाखवील असे नाही. क्षोभ अन्यत्र उगम पावून तेथे पोहोचलेला असू शकतो. म्हणून मेंदूला जाळे मानून, कोणता बिंदू ढळताच साऱ्या जाळ्याचा तोल जातो, याचे गणित मांडतात. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातील श्रीदेवी सरमा यांच्या गटाने २०२१ मध्ये ९१ रुग्णांचे आलेख असे तपासले. शस्त्रक्रियेच्या यशापयशाचे भाकीत ७६ टक्के अचूक ठरले; चिकित्सकांच्या निर्णयाची अचूकता ४८ टक्के होती.

हे गणित चिकित्सकाचे साहाय्यक आहे, पर्याय नव्हे. आपले कर्तव्य त्याआधीचे : झटक्यात प्रथम कोणता अवयव हलला हे नातेवाइकांना विचारून नोंदवावे, आणि योग्य मात्रेतील दोन औषधे निष्फळ ठरताच रुग्णास विनाविलंब नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.